दापोडी स्टेशन आणि आजूबाजू : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घर बघायला आलेली जोडपी, खोली शोधणारी पोरं, दिवाळीला माहेरी आलेल्या बहिणी, सगळे साधारण तेच प्रश्न विचारतात. माझा जन्म इथलाच. वडील एसटीच्या वर्कशॉपात होते आणि मी स्वतः एकोणीस वर्षं लोकलचा पास काढला. तेच ते सांगून घसा बसला म्हणून एकदाच लिहून ठेवतो. काही उत्तरं लांबली आहेत. ज्यांना फक्त फ्लॅटचं बघायचंय त्यांनी सरळ खाली जावं.

दापोडी पुण्यात येते की पिंपरी-चिंचवडमध्ये?

पिंपरी-चिंचवड महापालिकेत. हॅरिस पूल ओलांडला की बोपोडी लागते, ती पुणे महापालिका. त्याच्या शेजारी खडकी, ती कॅन्टोन्मेंट. हायवेच्या पलीकडे सीएमई, म्हणजे लष्कराची जमीन. आणि या सगळ्याच्या मधून रेल्वेची पट्टी जाते, तिच्यावर यांपैकी कुणाचीच सत्ता नाही. पत्ता लिहिताना आम्ही 'पुणे १२' लिहितो आणि घरपट्टी पिंपरीला भरतो. माहिती रटाळ आहे, पण पुढच्या निम्म्या प्रश्नांचं मूळ इथेच आहे.

स्टेशनची पुढची बाजू कुठली?

हे विचारणारा माणूस बहुतेक मेट्रोच्या जिन्याखाली उभा असतो आणि 'स्टेशनसमोर ये' असं फोनवर ऐकून वैतागलेला असतो. आमच्या वयाची माणसं 'समोर' म्हणतात ते गावाकडे, नदीच्या अंगाला. गावठाण, पिठाची गिरणी, देवळं, जुन्या खोल्या सगळं तिकडे. नवीन लोक 'समोर' म्हणतात ते हायवेकडे, कारण मेट्रो तिकडे. मधे रूळ. बरोबर दोघंही असतात, भेट मात्र होत नाही.

पंचवीस-तीस वर्षांपूर्वी हा घोळ नव्हता. लोकलमधून उतरलेला घोळका जिकडे वळायचा ती पुढची बाजू, आणि दुकानांची तोंडंही तिकडेच. आता दुकानांनी तोंडं फिरवली. हे नुसतं बोलायचं म्हणून बोलत नाही. स्टेशन आणि हायवे यांच्यामधल्या बोळात एक हॉटेल आहे, नाव राहू दे. त्याला दोन दारं. एक स्टेशनच्या वाटेवर, दुसरं मोठ्या रस्त्याच्या अंगाला. मालक अण्णा, त्यांचा गल्ला आधी स्टेशनच्या दाराशी होता. गाडीच्या वेळेला माणूस आत न येता उभ्या उभ्या चहा मारायचा आणि सुटे पैसे फरशीवरून सरकवायचा. त्या फरशीला, पांढऱ्या संगमरवराचा तुकडा आहे तो, बोटभर रुंदीची चर पडली आहे, नाणी सरकून सरकून. आज त्या फरशीवर कोल्ड्रिंकचे क्रेट रचलेले असतात, दार आतून कडीने बंद, आणि गल्ला गेला मेट्रोच्या बाजूला. तिथे क्यूआर कोडचा पुठ्ठा आहे, त्याने फरशी झिजत नाही. बंद दारावर आतल्या बाजूने लोकलचं वेळापत्रक चिकटवलेलं आहे, मार्च २०२० च्या आधीचं.

हे स्टेशन किती जुनं? आधी इथे काय होतं?

खंडाळा ते पुणे ही लाईन १४ जून १८५८ ला सुरू झाली, ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची. पुणे-लोणावळा लोकल मात्र बरीच अलीकडची, ११ मार्च १९७८ ची.

पण दापोडी रेल्वेच्या आधीपासून नावाजलेली होती, हे इथल्याही बऱ्याच जणांना माहीत नसतं. पेशवाईच्या अखेरीस पेशव्यांच्या चाकरीतल्या कॅप्टन फोर्ड या इंग्रज अधिकाऱ्याची पलटण इथे असायची. ५ नोव्हेंबर १८१७ च्या खडकीच्या लढाईत ती इथूनच इंग्रजांच्या मदतीला गेली. पुढे मुंबईचा गव्हर्नर माल्कम याने दापोडीचा बंगला सरकारी निवासासाठी घेतला आणि त्याला लागून वनस्पती उद्यान काढलं. त्या बागेतल्या झाडांची चित्रं एका देशी चित्रकाराने काढली, ती आज स्कॉटलंडमधल्या एडिंबराच्या वनस्पती उद्यानाच्या संग्रहात आहेत. चित्रकाराचं नाव कुणी नोंदवून ठेवलं नाही. नंतर गव्हर्नरांनी मुक्काम गणेशखिंडीला हलवला, म्हणजे आज विद्यापीठाची मुख्य इमारत आहे तिथे, आणि बागही त्यांच्या मागोमाग गेली.

थोडक्यात, मोठी माणसं दापोडी सोडून दुसरीकडे जायची पद्धत इथे जुनी आहे.

मग स्टेशन परिसराची कळा गेली कशी?

कळा गेली म्हणणाऱ्याला मी आधी विचारतो, कशाची गेली? खोली रिकामी मिळत नाही, जागेचा भाव उतरलेला नाही, संध्याकाळी हायवेला पाय ठेवायला जागा नसते. गर्दी आहे तेवढीच आहे, उलट वाढली. फक्त तिने स्टेशनाकडे पाठ केली.

याचं खापर सगळे मेट्रोवर फोडतात. ते चुकीचं आहे, मेट्रो फार उशिरा आली. खरा बदल कामाच्या जागेने केला. आमच्या लहानपणी नोकऱ्या रुळाला लागून होत्या. खडकीत अॅम्युनिशन फॅक्टरी आणि किर्लोस्कर ऑइल इंजिन्स, दापोडीत एसटीचं वर्कशॉप, सँडविक, अल्फा लावल, पुढे पिंपरीला हिंदुस्तान अँटिबायोटिक्स, आकुर्डीला बजाज. तळेगाव, वडगाव, कामशेतहून माणूस लोकलने यायचा, उतरून दहा-पंधरा मिनिटं चालला की गेटवर कार्ड पंच. शिफ्ट सुटली की तोच घोळका उलटा. गाडीला अर्धा तास असेल तर त्या अर्ध्या तासावर बोळातली आठ-दहा दुकानं जगायची: चहा, केशकर्तनालय, चपला शिवणारा, घड्याळवाला, लॉटरी, बायका परतताना घेऊन जातील म्हणून भाजी.

मग नव्या कंपन्या चाकणला गेल्या, रांजणगावला गेल्या. कॉम्प्युटरवाले हिंजवडीला. या तिन्ही ठिकाणी रेल्वे नाही. जुन्यांतले काही कारखाने आटले. बजाजचं आकुर्डीतलं उत्पादन २००७ मध्ये थांबलं, हिंदुस्तान अँटिबायोटिक्स वर्षानुवर्षं खंगत गेली. चाकणच्या माणसाला न्यायला कंपनीची बस येते आणि ती बस हायवेला थांबते. माझ्या धाकट्या भावाने २००९ च्या सुमारास पास बंद केला तो यामुळेच. त्याला लोकलचा कंटाळा आला नव्हता. पहाटे पावणेसहाला तो बोळातून जायचा तसाच जात राहिला, फक्त उजवीकडे स्टेशनात वळायचा तो सरळ हायवेला जाऊ लागला. असे शंभर भाऊ सरळ गेले की चहावाला क्रेट रचायला लागतो.

वर्कशॉपचं वेगळंच दुखणं. ते बंद पडलेलं नाही, हा एक गैरसमज दूर करतो. पण वडिलांच्या वेळची भरती राहिली नाही, आणि २०२१-२२ च्या लांबलेल्या संपात घराघरांत जे ओढाताणीचे महिने गेले त्यात काही कुटुंबं इथून हलली ती हललीच.

शेवटचा धक्का मार्च २०२० चा. लोकल बंद झाली आणि ऑक्टोबरात सुरू झाली तीही आधी फक्त अत्यावश्यक सेवेतल्यांसाठी. तेवढ्या काळात ज्यांना दुचाकी घेणं जमत होतं त्यांनी हप्त्यावर घेतली. दुचाकी घेतलेला माणूस पासाच्या रांगेत परत येत नाही.

दुपारी लोकल का नसते?

रूळ दोनच आहेत. त्यांवरूनच मुंबईच्या एक्सप्रेस, लांबच्या गाड्या, मालगाड्या आणि लोकल, सगळ्यांनी जायचं. दुरुस्तीसाठी लाईन मोकळी हवी, ती वेळ दुपारची काढलेली असते. लोकलच्या दोन्ही दिशांना मिळून दिवसाला चाळीसच्या आसपास फेऱ्या, आणि त्यांचा भर सकाळ-संध्याकाळवर. मुंबईहून आलेल्या पाहुण्याला 'लोकल' म्हटलं की तो घड्याळ न बघता निघतो. त्याला आधीच बजावून ठेवा. इथली लोकल म्हणजे एसटीसारखी, वेळ विचारून घरातून निघायचं.

मेट्रो आल्यावर लोकल वापरतं कोण?

ज्याला पर्याय नाही तो, आणि ज्याला हिशोब कळतो तो. लोकलचं किमान तिकीट पाच रुपये, मेट्रोचं दहा. महिन्याच्या पासाचा हिशोब मांडला तर फरक आणखी वाढतो. शिवाय मेट्रो पिंपरीच्या पुढे मावळात जात नाही. कान्हे, कामशेत, मळवलीचा माणूस आजही लोकलनेच येणार.

सकाळच्या गाडीला एकदा फलाटावर उभं राहून बघा. मावळातले दूधवाले, कॅन दाराशी लावून. पालेभाजीची गाठोडी घेऊन मावश्या. सोसायट्यांत धुणीभांडी करणाऱ्या बायका, रात्रपाळी संपवून परतणारे वॉचमन, डिप्लोमाची पोरं. यातल्या एका मावशींना मी विचारलं होतं, मेट्रोने का जात नाही? त्या म्हणाल्या, "दादा, गाठोडं बघून तो पोरगा मशीनकडे बोट दाखवतो. मशीनमधनं गाठोडं जातं पण मेथीचं काय होतं ते त्याला काय ठाऊक." सामान तपासणीच्या पट्ट्यावरून मेथी चुरगळते, हे मला तोवर सुचलं नव्हतं.

मेट्रोने भाग सुधारला ना पण?

सुधारला. फुगेवाडीपर्यंत मेट्रो ६ मार्च २०२२ ला आली, तिथून दापोडी-बोपोडी करत सिव्हिल कोर्टापर्यंत १ ऑगस्ट २०२३ ला, आणि २९ सप्टेंबर २०२४ पासून तीच स्वारगेटपर्यंत जाते. शिवाजीनगरला जायला आम्ही बोपोडीच्या चौकात जेवढा वेळ काढायचो तेवढ्यात आता मंडई येते. आईला डोळ्यांच्या तपासणीला नेताना मी मेट्रोचे दहा वेळा आभार मानले.

पण 'भाग' म्हणजे कुठला? हायवेकडच्या दुकानांना उजेड मिळाला. गावाकडच्या माणसाला त्या उजेडात यायला रेल्वेच्या पुलाचे जिने चढून उतरावे लागतात. संधिवाताच्या माणसाला मेट्रोची सरकती शिडी काय कामाची, जर तिथपर्यंत पोचायला आधी न सरकणारा जिना असेल?

इथे फ्लॅट घ्यावा का?

जाहिरातीत 'स्टेशनपासून पाच मिनिटं' असतं. आधी विचारा, कुठलं स्टेशन, कुठल्या बाजूने, आणि पाच मिनिटं कुणाच्या पायाने. नंतर एकदा स्वतः चालून बघा, शक्यतो जुलैत.

भाव चढले त्यामागे नियम आहे. मेट्रो स्टेशनच्या पाचशे मीटरच्या आत रस्त्याची रुंदी वगैरे अटी बसल्या तर एफएसआय, म्हणजे प्लॉटच्या किती पट बांधकाम चालतं तो आकडा, चारपर्यंत मिळू शकतो. त्यामुळे जिथे कौलारू खोल्या होत्या तिथे बिल्डरची माणसं मोजपट्टी घेऊन फिरतात. मालकाला दोन-तीन फ्लॅट मिळतात, त्याचं भलं होतं. भाडेकरूचं काय होतं हे मात्र कुणी लिहीत नाही. बोळातला चपला शिवणारा वीस वर्षं ज्या ओट्यावर बसायचा ते घर पाडलं. नव्या इमारतीला ओटा नाही, पार्किंग आहे. तो आता नदीपलीकडे सांगवीच्या पुलाशी बसतो म्हणतात.

घेणार असाल तर तीन गोष्टी तपासा, बाकी वकील बघेल. पहिली पूररेषा. पवना आणि मुळा यांचा संगम आपल्या उशाशी आहे, धरणांतून पाणी सोडलं की खालच्या वस्त्यांत शिरतं. जुलै २०२४ ला शिरलं होतं. ब्रोकर म्हणेल पाणी इथवर येत नाही. त्याच्याकडे लक्ष न देता शेजारच्या जुन्या घराच्या भिंतीकडे बघा, ओलीची रेघ खोटं बोलत नाही. दुसरी, जमिनीचे कागद. गावठाण, गुंठेवारी, लष्कराच्या हद्दीजवळची ना-हरकत, यातलं काय लागू आहे ते लेखी घ्या. तिसरी, रात्री एकदा मुक्काम करून मालगाडीचा आवाज ऐका. आम्हाला तो ऐकू येत नाही. माझ्या बायकोला लग्नानंतर दोन वर्षं यायचा.

खोली भाड्याने मिळेल का? डिपॉझिट किती?

मिळते, पण स्टेशनच्या फळ्यावर चिठ्ठ्या बघू नका, ते दिवस गेले. किराणावाल्याला विचारा. आकडा सांगत नाही, कारण मी लिहीपर्यंत तो वाढलेला असेल. गावाकडची बाजू हायवेपेक्षा स्वस्त पडते. अकरा महिन्यांचा करार करा आणि पाण्याची वेळ विचारून घ्या, भाड्याच्याही आधी.

रात्री उशिरा बोळातून जाणं सुरक्षित आहे का?

शेवटच्या लोकलला उतरणारे चार-सहाजण एकत्र चालतात, आणि ओळख नसली तरी चालतात, ही इथली जुनी रीत. एकटी मुलगी असेल तर कुणीतरी दोन पावलं मागे राहून हायवेपर्यंत येतं आणि न बोलता परत फिरतं. भीती चोरापेक्षा अंधाराची जास्त. दुकानं लवकर मिटतात, त्यामुळे ज्याला आपण राखण म्हणायचो ती, म्हणजे उघड्या दुकानांचा उजेड, उरलेली नाही.

दिव्याची एक गोष्ट. २०२२ च्या पावसाळ्यात बोळातला खांबावरचा दिवा गेला. मी अर्ज लिहिला. एका कार्यालयात म्हणाले, खांब आमचा नाही. दुसऱ्या कार्यालयात म्हणाले, खांब आमचा, पण वायर तिकडची. तिसरीकडे एका सज्जन बाईंनी खरोखर नकाशा उघडून दाखवला. त्या नकाशात खांबच नव्हता. गणपतीत मंडळाच्या पोरांनी मांडवासाठी विजेची जोडणी घेतली तेव्हा त्याच खांबाला हॅलोजन लटकवला आणि दहा दिवस बोळात सुई पडली तरी दिसली असती. विसर्जनानंतर हॅलोजन गेला. दिवाळीच्या आसपास एका संध्याकाळी मूळ दिवा लागलेला दिसला. कुणी लावला हे आजतागायत कळलेलं नाही, आणि मी विचारायलाही गेलो नाही, न जाणो पुन्हा नकाशा उघडायचे.

मग तक्रार करायची कुठे?

पाय कुठे आहे त्यावर. फलाट, पूल, तिकीट खिडकी असेल तर रेल्वे: १३९ वर फोन किंवा रेल मदद. गाडीत किंवा फलाटावर गुन्हा घडला तर लोहमार्ग पोलीस. गटार, कचरा, बाहेरचा रस्ता पिंपरी-चिंचवड महापालिकेचा, त्यांची सारथी हेल्पलाइन आहे. बस पीएमपीची. मेट्रोच्या खांबाखालचं मेट्रोवाल्यांना. तक्रार क्रमांक मात्र लिहून घ्या, आणि फोटोत खांबावरचा आकडा यायला हवा. हे मी दिव्यानंतर शिकलो.

रूळ ओलांडून गेलं तर?

जाऊ नका. रेल्वे कायद्याचं कलम १४७, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. दंडाचं सोडा. इथून एक्सप्रेस न थांबता जातात आणि पावसात त्यांचा आवाज अगदी जवळ आल्यावर कळतो. आमच्या शाळेच्या वर्गातला एक बाक त्यामुळे रिकामा झाला होता. यावर जास्त लिहीत नाही.

स्टेशनचं नूतनीकरण होणार आहे का?

अमृत भारत योजनेत पुणे विभागातली जी स्टेशनं आहेत त्यांत आकुर्डी, चिंचवड, देहूरोड, तळेगाव आहेत. दापोडी नाही. तिसऱ्या-चौथ्या मार्गिकेचं आम्ही इतकी वर्षं ऐकतोय की माझ्या पुतण्याला ती आधीच झालेली वाटते. ऑगस्ट २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने पुणे-लोणावळा तिसऱ्या आणि चौथ्या मार्गिकेला मंजुरी दिली, एवढं खरं. ती झाली तर लोकलला स्वतःचे रूळ मिळतील आणि दुपारचा प्रश्नही सुटेल. त्यासाठी रुळाकडेची जागा लागणार, म्हणजे काही घरांवर खुणा पडणार, हेही धरून चाला. रुळालगत घर बघत असाल तर हा मुद्दा वरच्या तीन गोष्टींमध्ये चौथा.

वारीच्या दिवशी यायचं असेल तर?

तुकोबांची पालखी आकुर्डीचा मुक्काम हलवून पुण्याकडे निघते ती इथूनच जाते. त्या दिवशी हायवेला गाडी आणू नका, लोकलने या. वर्षातला हा एक दिवस स्टेशन पुन्हा भरतं, आणि अण्णा क्रेट बाजूला करून ते मागचं दार उघडतात. वारकऱ्यांना चहा फुकट असतो, त्यामुळे फरशीवर नाणी सरकत नाहीत, नुसते पेले.

त्या दारावरचं जुनं वेळापत्रक काढून का टाकत नाहीत?

हा प्रश्न माझ्या मुलीने अण्णांनाच विचारला. ते म्हणाले, "त्यातल्या दोन-तीन गाड्या अजून त्याच टायमाला येतात. आणि कागद ओढला तर रंग निघंल, मग अख्खं दार रंगवावं लागंल."